हाताची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे बारा आठवडे

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या ठळकपणे नमूद केली जाते. शस्त्रक्रियेनंतर त्या हाताने रुग्णाला भाकरी थापता आली का, विळा धरता आला का, सदऱ्याची बटणे लावता आली का, हे मात्र आकड्यांत दिसत नाही. या प्रश्नांचे उत्तर बहुतांशी हस्तोपचारावर, म्हणजेच हँड थेरपीवर अवलंबून असते. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना या उपचाराची ओळख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मनगटासह एका हातात २७ हाडे असतात. बोटे हलविणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या भागात असून त्यांची ओढ दोरीसारख्या कंडरांमार्फत बोटांपर्यंत पोहोचते. थोड्या जागेत एवढी गर्दी असल्यामुळे किंचित सूजही हाताचे काम अडवू शकते.

नेहमी आढळणाऱ्या तक्रारींपैकी पहिली म्हणजे कार्पल टनेल. मनगटातील अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. त्या मज्जातंतूवर दाब आला की अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात. रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. गरोदरपण, मधुमेह व थायरॉईडची कमतरता यांत हा त्रास अधिक आढळतो. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळांना पुरतो. परंतु बधिरपणा कायम राहू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा झिजू लागला, तर शस्त्रक्रियेस विलंब करू नये.

दुसरी तक्रार अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखण्याची. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ साली तिचे वर्णन केले. बाळाला वारंवार उचलणाऱ्या नवमातांना ती विशेष जाणवते. अंगठे ताणून काखेत धरण्याऐवजी तळवे बाळाखाली सरकवून उचलले, तर बराच आराम पडतो. तिसरी तक्रार म्हणजे मिटलेले बोट अडकणे आणि ‘टक्’ असा आवाज करून सुटणे. मधुमेही रुग्णांत ती अधिक दिसते.

वयस्कर स्त्रिया घसरून पडतात तेव्हा टेकलेल्या हाताचे मनगट मोडते. प्लास्टर घातल्यावर हात गळ्यात बांधून स्वस्थ बसणे, हीच काळजी असा समज घरोघरी आहे. वास्तविक प्लास्टर मनगटाला असते. बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवावेत. अंगठी व बांगड्या लगेच काढाव्यात आणि हात उंच ठेवावा. वेदना वाढत गेल्या, बोटे निळी किंवा बधिर पडली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात यावे.

हस्तोपचाराची खरी कसोटी कंडरा तुटल्यावर लागते. कडबाकुट्टी, पत्रा किंवा फुटलेली काच यांमुळे बोट मिटविणारी कंडरा तुटते आणि शल्यविशारद ती शिवतात. शिवलेली कंडरा पहिले काही आठवडे नाजूक असते. जोर लावला तर ती पुन्हा तुटते आणि अजिबात हलविली नाही तर भोवतालच्या भागाला चिकटते. या दोन धोक्यांमधली वाट प्रशिक्षित उपचारक दाखवितात. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा आधारपट्टा रुग्णाच्या हातावरच घडविला जातो आणि त्याच्या मर्यादेत बोटे दिवसातून अनेकदा हलविली जातात. साधारणपणे सहा आठवड्यांनंतर हलकी कामे आणि बारा आठवड्यांच्या सुमारास जड कामे सुरू करता येतात.

शस्त्रक्रिया व व्यायाम यांची ही जोडी आपल्या देशात जुनीच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगामुळे वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूची कंडरा नव्या जागी जोडल्यावर त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागे. ते शिक्षण म्हणजेच हस्तोपचार होय.

आमची खंत अशी की, टाके निघाले की अनेक रुग्ण येईनासे होतात. त्यात त्यांचा दोष थोडा आहे. एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खाडा, हे सारे त्यांनाच सोसावे लागते. परंतु उत्तम शिवलेली कंडराही अशा वेळी चिकटून बसते, बोट ताठरते आणि वर्षभराने तोच रुग्ण काम सुटल्याचे सांगत परत येतो.

म्हणून नातेवाइकांना आमची विनंती आहे की, घरातील एकाने तरी व्यायाम शिकून घ्यावेत आणि उपचारकांनी सांगितल्याखेरीज आधारपट्टा काढू देऊ नये. दुखऱ्या हाताला जोराने मालीश करून घेणे टाळावे. देणगीदारांनाही नम्रपणे सुचवावेसे वाटते की, शस्त्रक्रियेसाठी साहाय्य देताना रुग्णाच्या पुढील फेऱ्यांचे प्रवासभाडे आणि आधारपट्ट्याचा खर्च हा त्याच उपचाराचा भाग मानावा. शस्त्रक्रियेने हात जोडला जातो. तो पुन्हा कामाला लागेपर्यंत आपण सर्वांनी रुग्णाला साथ द्यावी, ही प्रार्थना.