परदेशांतील विद्याभ्यास : इरावतीबाई कर्वे यांचें उदाहरण

हल्लीं उन्हाळ्याच्या सुटींत युरोपांतील एखाद्या शहरीं जाऊन दोन-तीन महिने शिकावें, तेथील प्रयोगशाळेंत किंवा कारखान्यांत उमेदवारी करावी व परत यावें, अशी संधि महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांस मिळते. पिंगळीसारख्या गांवांतील मुलेंही तिजविषयीं आम्हांस विचारूं लागलीं आहेत. मुलें विचारतात, "तेथें जावयाचें कसें?" पालक विचारतात, "एवढा पैसा खर्चून मूल तेथून आणील काय?" आमच्या मतें पालकांचा प्रश्न आधीं सोडवावा. त्या कामीं महाराष्ट्रांतील एका विदुषीचा बर्लिन शहरांतील विद्याभ्यास फार उपयोगी पडतो.

इरावती करमरकर यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं त्यांस शिक्षणासाठीं पुण्यास पाठविलें. हुजूरपागेंतील शाळा संपवून त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला व १९२६ सालीं पदवी मिळविली. पुढें मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्र शिकून १९२८ सालीं त्या एम. ए. झाल्या. त्यांचे पति प्रो. दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे अध्यापक असून स्वतः जर्मनींत शिकून आलेले होते. पत्नीनेंही तेथें जाऊन शिकावें, असें त्यांस मनापासून वाटत होतें.

परंतु मार्ग सोपा नव्हता. ज्या अण्णासाहेब कर्वे यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलें, त्या श्वशुरांसच हा बेत पसंत नव्हता. पैशाचीही अडचण होती. शेवटीं डॉ. जीवराज मेहता यांजकडून कर्ज घेऊन इरावतीबाई निघाल्या आणि नोव्हेंबर १९२८ मध्यें बर्लिनला दाखल झाल्या. त्यांचें वय तेव्हां अवघें बावीस वर्षांचें होतें.

बर्लिनच्या डाहलेम नांवाच्या भागांत मानववंशशास्त्राची एक नवी संस्था १९२७ सालीं उघडली होती. तिचे प्रमुख प्रो. ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. फिशर हे त्या काळचे नांवाजलेले पंडित. युरोपांतील गोरे लोक विचारशक्तींत इतरांहून श्रेष्ठ आहेत व त्याची खूण त्यांच्या कवटींतच सांपडेल, असें त्यांचें मत होतें. गोऱ्या माणसाच्या मेंदूचा उजवीकडील पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, असा तो तर्क होता. तो पडताळून पाहण्याचें काम ह्या हिंदी विद्यार्थिनीकडे आलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून आरशांत पाहावें. आपल्या चेहऱ्याची डावी व उजवी बाजू तंतोतंत जुळत नाहीं, असें ध्यानांत येईल. एक भुवई किंचित् वर असते, एक कान किंचित् खालीं असतो. कवटीच्या हाडांचेंही तसेंच आहे. हा फरक सर्वच माणसांत थोडाबहुत असतो. तेव्हां प्रश्न एवढाच होता कीं, तो गोऱ्यांत अधिक आणि इतरांत कमी असतो काय? ह्याचें उत्तर मोठ्या शब्दांनीं मिळत नाहीं. एक कवटी हातांत घ्यावयाची, तिच्या दोन्ही बाजू मोजावयाच्या, आंकडे टिपावयाचे, आणि मग दुसरी घ्यावयाची. इरावतीबाईंनीं अशा १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय माणसांच्या होत्या, तशाच आफ्रिकेंतून आणलेल्याही होत्या.

आंकड्यांनीं जें सांगितलें तें गुरूंच्या अपेक्षेविरुद्ध होतें. कवटीच्या दोन बाजूंतील फरक आणि माणसाचा वंश यांचा कांहींएक संबंध आढळला नाहीं. आतां विचार करा. परकें शहर, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणें-न देणें ज्यांच्या हातीं, त्यांचेंच मत चुकीचें ठरत होतें. थोडी मुरड घालून गुरूंस रुचेल असें लिहिण्याचा मोह कोणासही झाला असता. इरावतीबाईंनीं आढळलें तेंच लिहिलें. फिशर यांनीं त्या प्रबंधास अगदीं खालची श्रेणी दिली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तथापि पदवी मिळाली, आणि मानवी कवटीच्या स्वाभाविक विषमतेवरील तो प्रबंध १९३१ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला.

ह्या प्रामाणिकपणाचें मोल पुढील इतिहासानें दाखविलें. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. त्याच वर्षीं फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि ती संस्था नव्या सत्तेच्या वंशविषयक धोरणास शास्त्राचा आधार पुरवूं लागली. महायुद्धाच्या काळांत आउश्वित्सच्या छळछावणींत मारलेल्या माणसांचे अवयव तिजकडे पाठविले जात. २०१४ सालीं त्या जागेजवळ खोदकाम चालू असतां मानवी हाडांचे पुष्कळ तुकडे सांपडले; २०२३ सालीं त्यांचें बर्लिनमध्यें आदरपूर्वक दफन करण्यांत आलें. "अमुक वंश हलका" हें मत केवळ पुस्तकांत राहत नाहीं. त्याच्या पायीं माणसांचे प्राण जातात.

इरावतीबाईंनीं परत येतांना काय आणलें? पदवी आणली हें खरें. परंतु तिजहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पाहून, मोजून, मगच बोलण्याची संवय. त्या १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आल्या. पुढें गांवोगांव फिरून त्यांनीं लोकांच्या चालीरीति, नातेसंबंध व भाषा यांचा अभ्यास केला. भारतांतील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं निघाला. कोयना धरणानें उठलेल्या लोकांची त्यांनीं पाहणी केली, आणि 'युगान्त' ह्या ग्रंथास १९६८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. बर्लिनची विद्या अशी आपल्या मातींत रुजली.

विद्यार्थिमित्रहो, ह्यावरून तुम्हीं दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. परक्या शहरीं जाल तेव्हां तेथील मोठ्या इमारतींची चित्रें काढण्यांतच सुटी घालवूं नका. एखादें लहानसें काम पत्करा व तें शेवटास न्या. दहा कामें नुसतीं पाहण्यापेक्षां एक स्वतःच्या हातांनीं केलेलें बरें. दुसरी गोष्ट ही कीं, तेथील गुरूंचा मान राखावा, त्यांची पद्धति मन लावून शिकावी. परंतु तुमच्या वहींतील खरा आंकडा त्यांच्या मताशीं जुळला नाहीं, तर पुन्हा मोजावें, आणि तोच आला तर तोच लिहावा.

पालकांसही आमची विनंति आहे. मुलास पाठविण्याचें सामर्थ्य असेल तर अवश्य पाठवावें. मुलगी असेल तर "लोक काय म्हणतील" ह्या भीतीनें तिला मागें ठेवूं नये. अण्णासाहेबांसारख्या थोर पुरुषाची नापसंतीही जेथें टिकली नाहीं, तेथें इतरांची ती काय कथा! आणि सामर्थ्य नसेल तर खिन्न होऊं नये. बर्लिनमध्यें जें शिकावयाचें त्याचा आरंभ पिंगळींतच करतां येतो. यंदाच्या पावसाळ्यांत मुलानें रोज सकाळीं पावसाचें पाणी मोजून वहींत टिपावें. शेतांतील कापसाच्या वीस झाडांचीं बोंडें दर आठवड्यास मोजावीं. एखादा दिवस राहिला तर ती जागा कोरी ठेवावी, अंदाजानें भरूं नये. जें मूल ती कोरी जागा कोरीच ठेवील, तें उद्यां कोणत्याही शहरीं गेलें तरी आम्हांस त्याची चिंता वाटणार नाहीं.