बारावीला गणित ठेवावे की सोडावे?

प्रश्न : मुलगी अकरावी विज्ञानला आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. क्लासवाले म्हणतात गणित सोडा, आजोबा म्हणतात ठेवा. काय करावं?

उत्तर : ताई, आधी मुलीला विचारा. ‘नीट’साठी गणित लागत नाही. तिथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीत उत्तीर्ण व्हावं लागतं, शिवाय पहिल्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के हवेत. फार्मसी आणि बीएस्सी अॅग्रीची वाटही एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटातून खुली राहते.

पण गणित सुटलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि एनडीएतल्या हवाई दल-नौदलाची दारं बंद होतात. दहावीत गणिताशी तिची गट्टी असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गणिताची धास्तीच असेल, तर आजोबांच्या समाधानासाठी ते लादू नका. विषय बदलायचाच, तर कॉलेजात लगेच अर्ज द्या. बारावीच्या तोंडावर ते जमत नाही.

आणखी एक, जे क्लासवाले सहसा सांगत नाहीत. बारावीला जीवशास्त्राचे लेखी गुण ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३०, भौतिक-रसायनचंही तसंच. प्रयोगवही स्वतः लिहिलेली, आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या हव्यात. शिवाय मंडळाला ७५ टक्के हजेरी लागते. नुसत्या नावापुरत्या कॉलेजात प्रवेश असेल, तर या आठवड्यातच तिथे जाऊन तिची हजेरी तपासा.