खवळलेली कुंडलिका आणि कायाक होडी



या महिन्याच्या अंकासाठी गुरुजींनी मला ‘पाण्याची शक्ती’ हा विषय दिला. पुस्तकातून उतरवून काढायचं नाही, पाहून लिहायचं, असं त्यांनी बजावलं. माझा मामा कोलाडला कुंडलिका नदीवर होड्यांच्या कामावर असतो. आषाढातल्या एका रविवारी मी त्याच्याकडे गेले आणि प्रश्न विचारून त्याला अगदी भंडावून सोडलं.

कुंडलिकेची एक गंमत आहे. इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, पण हिला पाणी असतं. घाटावर मुळशीचं धरण आहे. ते पाणी खरं म्हणजे मुळा नदीचं. ते भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं. पण बोगद्यातून व नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणतात. हे वीजघर १९२७ सालापासून चालू आहे. वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत सोडतात आणि नदी भरते. त्याच पाण्यावर होड्या चालतात.

कायाक म्हणजे एका माणसाची लांबट, अरुंद होडी. ही मूळची ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट लोकांची. ते लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवीत व शिकारीला जात. आता ती प्लॅस्टिकची असते. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कमरेभोवती घट्ट पडदा बांधतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली तर वल्ह्याचा फटका मारून व कंबर फिरवून माणूस आतल्या आत सरळ होतो. मी हे पाहिलं तेव्हा घाबरून ओरडलेच.

मामा होडी सोडण्याआधी नुसता काठावर उभा राहून पाहतो. मला वाटलं, उगाच वेळ काढतोय. पण तो पाणी वाचत होता. दोन खडकांमधून पाणी जातं तिथे फेसाची चिमटी होते. चिमटीचं टोक प्रवाहाच्या खालच्या बाजूला असेल तर वाट मोकळी. टोक वरच्या बाजूला, आपल्याकडे असेल तर तिथे खडक दडलेला आहे. पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा व काटक्या वाहत आल्या, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असं समजावं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी! गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर येतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी परत उतरत नाही. नद्यांच्या धावत्या पाण्याला एक ते सहा अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. एक म्हणजे सोपं, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. पण पूर आला की सोपं पाणीही अवघड होतं.

मी विचारलं, “मामा, सर्वांत भीती कशाची? मोठ्या लाटेची?”

मामा म्हणाला, “नाही गं. लाट दिसते तरी. मला भीती बंधाऱ्याची आणि पडलेल्या झाडाची.”

मग त्याने मला एका लहान बंधाऱ्यापाशी नेलं. मला लांब उभं केलं आणि एक असोला नारळ वरच्या अंगाला टाकला. नारळ बंधाऱ्यावरून खाली पडला. मला वाटलं, आता वाहून जाईल. पण तो परत भिंतीकडे आला! खाली गेला, वर आला, पुन्हा भिंतीकडे. मी शंभरपर्यंत आकडे मोजले तरी तो तिथेच घुसळत होता. बंधाऱ्याखाली पडणारं पाणी तळाशी जातं आणि वरचं पाणी उलटं फिरून भिंतीकडे येतं. शिवाय पांढऱ्या फेसात हवा असते, त्यामुळे त्यात माणूस नीट तरंगत नाही. दिसायला ही जागा इतकी साधी असते की फसायला होतं. शिकलेले कायाकवालेही तिथे होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत जातात. झाडाचं तर चाळणीसारखं आहे. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

आता थोडं गणित. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो, म्हणजे क्विंटलाची दहा पोती. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच घोट्याच्या थोडं वर आलेलं वेगाचं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडतं. दोन फूट पाण्यात मोटारगाडी वाहून जाऊ शकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, हे पालकांना आठवत असेलच.

कुणी वाहत्या पाण्यात पडलंच तर उभं राहायची धडपड करू नये. पाय दगडांत अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं. उताणं व्हावं, पाय पुढे व वर ठेवावेत आणि हाताने काठाकडे सरकावं. वाचवणाऱ्याने लगेच उडी मारू नये. आधी काठी पुढे करावी, नाहीतर दोर फेकावा. मामाच्या कमरेला दोराची पिशवी कायम असते. अंगात तरंगणारं जाकीट आणि डोक्याला शिरस्त्राण असल्याशिवाय तो पाण्याला शिवत नाही. तो पट्टीचा पोहणारा आहे, तरीही.

आता एक गोष्ट कबूल करते. गेल्या श्रावणात आपल्या ओढ्याच्या फरशीवरून पाणी जात होतं. घोट्याच्या वर असेल. उशीर झाला म्हणून मी तशीच निघाले आणि मध्यावर पाय सरकला. पुढच्या काकूंनी दप्तराचा पट्टा धरला म्हणून बरं. फक्त चप्पल गेली. चप्पल शाळेत हरवली असं मी घरी सांगितलं होतं. आईने हे वाचून रागावू नये.

ही गोष्ट ऐकल्यावर गुरुजी आम्हा सातवीच्या मुलांना घेऊन ओढ्यावर गेले. फरशीच्या दोन्ही टोकांच्या खांबांवर, फरशीच्या पातळीला, आम्ही चुन्याचा पट्टा ओढला आहे. पट्टा पाण्यात गेला की कुणीही ओलांडायचं नाही, मोठ्यांनीही नाही. त्या दिवशी पलीकडच्या वाडीतल्या मुलांची गैरहजेरी मांडायची नाही, असं गुरुजींनी कबूल केलं आहे.