थांब्याची किंमत

एक गाडी एखाद्या स्थानकावर दोन मिनिटे थांबली, तर तिला किती उशीर होतो? 'दोन मिनिटे', असे उत्तर तुमच्या तोंडावर चटकन येईल. पण ते चूक आहे. गाडी थांबण्यापूर्वी तिला वेग कमी करावा लागतो आणि निघाल्यावर तो पुन्हा वाढवावा लागतो. या दोन्ही वेळी ती आपल्या नेहमीच्या वेगाने धावत नसते. हा हरवलेला वेळ किती, हे नववीच्या गणिताने काढता येते. कोणत्या गावाला थांबा मिळतो आणि कोणत्या गावाला मिळत नाही, याचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे.

दोन वाटा

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडा. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून, पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरची स्थानके. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. कापसाची मोठी पेठ असलेले खामगाव मात्र बाजूला राहिले, म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा काढण्यात आला. त्या काळी गाडी कोठे जावी, हे कापसाने ठरवले. पुढे १९८३ साली शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच मार्गावर विद्यार्थ्यांची ये-जा आली.

आता मुंबईकडे या. मध्य रेल्वेवर कुर्ला आणि घाटकोपर यांच्यामध्ये विद्याविहार नावाचे स्थानक आहे. करमशी जेठाभाई सोमैया यांनी १९५९ साली स्थापन केलेले शिक्षणसंकुल या स्थानकाच्या पूर्वेला पसरले आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ सालचेच. २०१९ साली या संकुलात सोमैया विद्याविहार विद्यापीठ स्थापन झाले. लोकलमधून उतरून चालत वर्गात जावे, अशी ही जागा आहे.

दोन्ही ठिकाणी विद्यार्थी आहेत आणि रूळही आहेत. फरक आहे तो अंतरांचा. जलंब ते शेगाव अंतर दहा-बारा किलोमीटर आहे. विद्याविहारच्या दोन्ही बाजूंची स्थानके जेमतेम दीड ते अडीच किलोमीटरवर आहेत. इतक्या जवळजवळ थांबणारी गाडी वेळेवर कशी पोहोचते?

हरवलेला वेळ

एक कागद घ्या. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेग मांडा. लोकलचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू. निघताना तिचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढतो, म्हणजे त्वरण ०.५ आहे, असे समजा. मग पूर्ण वेग यायला ४० सेकंद लागतील. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ०.८ मीटरने उतरतो असे धरले, तर थांबायला २५ सेकंद लागतील. दोन्ही मिळून ६५ सेकंद.

आलेखात या ६५ सेकंदांच्या जागी दोन त्रिकोण दिसतील. वेग-वेळ आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे तुम्ही शिकला आहातच. न थांबता गेलेल्या गाडीचा तेथे आयत असता, आणि त्रिकोण हा आयताच्या निम्मा असतो. म्हणजे ६५ सेकंदांत गाडीने निम्मेच अंतर कापले. त्यावरून एक सोपा नियम मिळतो :

थांब्यामुळे होणारा उशीर = उभे राहण्याचा वेळ + (वेग घेण्याचा वेळ + थांबण्याचा वेळ) यांचा निम्मा.

लोकल ३० सेकंद उभी राहिली, तर उशीर ३० + ३२.५, म्हणजे सुमारे ६३ सेकंद झाला.

आता इंजिन जोडलेली लांब पल्ल्याची गाडी घ्या. वेग ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. तिचे सरासरी त्वरण ०.१५ धरले, तर वेग घ्यायला २०० सेकंद लागतील. ब्रेकचे ऋण त्वरण ०.५ धरले, तर थांबायला ६० सेकंद. त्यांचा निम्मा १३० सेकंद. वर दोन मिनिटांचा थांबा. एकूण २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक! दोन मिनिटांचा थांबा प्रत्यक्षात दुपटीहून महाग पडला.

त्वरण कमी का?

मोठ्या गाडीचे इंजिन तर चांगलेच जोरकस असते. मग ती अशी रेंगाळत का निघते? येथे केवळ इंजिनाची शक्ती पुरत नाही, चाकाची रुळावरील पकडही लागते. पोलाद पोलादावर घसरते. कोरड्या रुळावर घर्षणांक सुमारे ०.२५ धरू. इंजिनाचे वजन १२० टन आणि डब्यांचे १,२०० टन असले, तर एकूण वजनाचा अकरावा हिस्साच फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर असतो. बाकीची चाके नुसती ओढली जातात. म्हणून मिळू शकणारे जास्तीत जास्त त्वरण = ०.२५ × ९.८ ÷ ११, म्हणजे सुमारे ०.२२. याहून जोर लावला, तर चाके जागच्या जागी गरगर फिरतील. वेग वाढला की इंजिनाच्या शक्तीची मर्यादाही आड येते आणि त्वरण आणखी उतरते. पावसाने रूळ निसरडे झाले की इंजिनाच्या चाकांपुढे वाळू सोडतात, ती याच पकडीसाठी.

मुंबईच्या लोकलला वेगळे इंजिनच नसते. बारा डब्यांच्या गाडीत साधारणपणे चार डब्यांखाली मोटारी असतात. समजा, गाडीच्या वजनाचा एक तृतीयांश भाग या फिरत्या चाकांवर आला. मग मर्यादा ०.२५ × ९.८ ÷ ३, म्हणजे सुमारे ०.८ झाली. ०.५ चे त्वरण तिला सहज परवडते. या सूत्रात गाडीचे एकूण वजन कोठेच आले नाही, हे तुमच्या ध्यानात आले का? फिरत्या चाकांवर वजनाचा किती हिस्सा आहे, तेवढेच महत्त्वाचे. मुंबईत अशी विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर प्रथम धावली.

थांब्याला ऊर्जेचीही किंमत आहे. प्रवाशांसह ६०० टनांची लोकल सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा १२ कोटी जूल होते. म्हणजे सुमारे ३३ युनिट वीज! ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली तर वायाच. म्हणून २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांत थांबताना मोटारच जनित्राचे काम करते आणि बरीचशी वीज तारेत परत पाठवते.

बेरीज कोणाची?

आता थांबा द्यावा की न द्यावा, याचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. लोकलमध्ये २,००० प्रवासी आहेत. विद्याविहारच्या थांब्याने प्रत्येकाची ६३ सेकंदे गेली. एकूण ३५ तास. तेथे ३०० विद्यार्थी उतरतात. थांबा नसता तर प्रत्येकाला घाटकोपरहून वीस मिनिटे जास्त चालावे लागले असते. एकूण १०० तास. थांबा फायद्याचा ठरला. तरीही जलद लोकल येथे थांबत नाहीत, कारण त्यांच्यासाठी वेगळे रूळ आहेत. धीम्या गाडीने थांबावे, जलद गाडीने पुढे जावे, अशी कामाची वाटणी तेथे झाली आहे.

आपल्याकडच्या एखाद्या लहान स्थानकावर लांब पल्ल्याची गाडी थांबवली, तर १,२०० प्रवाशांची २५० सेकंदे जातील. एकूण ८३ तास. चढणारे विद्यार्थी वीस. त्यांचा प्रत्येकी दीड तास वाचला, तरी ३० तासच. बेरजेत गाव हरले! पण गाडी बदलून पाहा. मोटारीचे डबे असलेली मेमू गाडी घ्या. अशा गाड्या १९९० च्या दशकापासून भारतात धावत आहेत आणि भुसावळ-बडनेरा मार्गावरही त्या आल्या आहेत. मेमूने ५० सेकंदांत ताशी ७२ किलोमीटरचा वेग घेतला, २५ सेकंदांत ती थांबली आणि एक मिनिट उभी राहिली, तर उशीर सुमारे ९८ सेकंद. प्रवासी ८०० असतील, तर एकूण २२ तास. आता ३० तासांचा लाभ मोठा ठरतो. गाव तेच, मुले तीच आणि रूळही तेच; फक्त गाडीची चाके वेगळ्या रीतीने फिरली.

मात्र या बेरजेत एक गोष्ट मावत नाही. चार मिनिटे उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाचे फारसे बिघडत नाही. रोज दीड-दीड तास वाया गेला, तर एखाद्या मुलीचे महाविद्यालय सुटू शकते. दोन्हीकडच्या तासांची बेरीज सारखी आली, तरी त्यांचे मोल सारखे नसते. गणित आपल्याला तास मोजून देते. ते कोणाचे तास आहेत, हे आपल्यालाच पाहावे लागते.

करून पाहा

१. स्थानकावरून निघणाऱ्या गाडीचा एक डबा तुमच्यासमोरून जायला किती सेकंद लागतात, ते फलाटावर मागे सुरक्षित उभे राहून मोजा. दर डब्याची नोंद करा आणि वेग कसा वाढतो, त्याचा आलेख काढा.

२. तुमच्या गावाहून शाळेपर्यंत येणाऱ्या एस.टी.च्या थांब्यांचा असाच हिशेब मांडा. एक थांबा वाढवला, तर कोणाचे किती जाईल आणि कोणाला किती मिळेल?

३. गाडीचा वेग दुप्पट केला आणि त्वरण तेच ठेवले, तर वेग घेण्यासाठी लागणारे अंतर किती पट होईल? दोन किलोमीटरवर स्थानके असताना फार वेगवान गाडी उपयोगी का पडत नाही, ते त्यावरून सांगा.