संत पीटर शानेल : पेरून गेलेला धर्मगुरू



दरवर्षी २८ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा संत पीटर शानेल ह्यांचे स्मरण करते. हा दिवस नेहमीच पास्काकाळात येतो आणि रोजच्या मिस्सेत दोन वाक्यांत त्यांचा उल्लेख होऊन संपतो. आपल्या घरातील वेदीवर सहसा त्यांची तसबीर नसते, आणि आपण मुलांना त्यांचे नावही क्वचितच ठेवतो. तरीही पॅसिफिक महासागरातील बेटांवर हे नाव फार मोठे आहे. ओशनिया खंडातील ते पहिले हुतात्मे आणि त्या खंडाचे आश्रयदाते संत आहेत.

त्यांच्या जीवनाचा आज थोडा अभ्यास करू या. त्यामागे एक कारण आहे. धर्मग्रामात काम करताना आपण सारे मोजणी करत असतो. नोव्हेनाला किती लोक आले, धर्मशिक्षणाच्या वर्गात किती मुले राहिली, समूहाच्या सभेला किती घरांतून कोणी आले. आकडा कमी आला की मन खट्टू होते आणि कार्यकर्ते एकेक करून गळू लागतात. अशा वेळी, ज्यांचा आकडा हयातीत कधी मोठा झालाच नाही, अशा एका मिशनरीकडे पाहणे उपयोगी पडते.

मेंढ्या राखणारा मुलगा

पीटर शानेल ह्यांचा जन्म १२ जुलै १८०३ रोजी फ्रान्समधील क्यूए गावाजवळच्या एका वस्तीवर, शेतकऱ्याच्या घरी झाला. आठ भावंडांतले ते पाचवे. लहानपणी ते घरच्या मेंढ्या राखत. जवळच्या क्रा गावचे धर्मगुरू फादर त्राँपिए ह्यांच्या नजरेला हा मुलगा पडला. त्यांनी आईवडिलांना समजावून त्याच्या शिक्षणाची सोय केली. एका खेड्यातील धर्मगुरूने एका गुराखी पोराकडे लक्ष दिले, तेथून ही सारी गोष्ट सुरू झाली.

१५ जुलै १८२७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि आंबेरियो येथे सहायक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या धर्मग्रामात पूर्वी काम केलेले एक धर्मगुरू तेव्हा भारतात मिशनरी होते. त्यांची भारतातून आलेली पत्रे तरुण फादर शानेल ह्यांनी वाचली. दूरच्या मिशनची ओढ त्यांना विद्यार्थिदशेपासूनच होती. ह्या पत्रांनी ती अधिक बळावली. पॅसिफिकच्या त्या संताच्या वाटेवर आपल्या देशातून गेलेली काही पत्रेही होती, हे आपण लक्षात ठेवावे.

‘आधी इथेच राहा’

पुढच्याच वर्षी त्यांनी मिशनवर जाण्यासाठी बिशपांकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही. उलट क्रोझे नावाच्या धर्मग्रामाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. तेथे श्रद्धा थंडावली होती. फादर शानेल ह्यांनी तीन वर्षे तेथे काम केले. त्यांचे मोठे साधन होते आजाऱ्यांची सेवा. घरोघर जाऊन ते आजाऱ्यांजवळ बसत. ह्या सेवेमुळेच लोक पुन्हा चर्चकडे वळले.

१८३१ साली ते नव्याने आकार घेत असलेल्या मारिस्ट संघात, म्हणजे मरियामातेच्या संघात दाखल झाले. आता तरी मिशनवर जाता येईल अशी आशा होती. पण त्यांना बेले येथील सेमिनरीत पाठवले गेले. तेथे पाच वर्षे गेली. २९ एप्रिल १८३६ रोजी पोप ग्रेगरी सोळावे ह्यांनी ह्या संघाला मान्यता दिली आणि नैर्ऋत्य पॅसिफिकमधील बेटांचे काम त्याच्याकडे सोपवले. म्हणजे पहिली विनंती केल्यापासून आठ वर्षे थांबावे लागले.

ही आठ वर्षे वाया गेली असे वाटेल. पण पुढे फुतुना बेटावर जे त्यांच्या कामी आले, ते क्रोझे गावातच शिकून झाले होते. आजाऱ्याच्या उशाशी बसायला आणि थंड प्रतिसादाने खचून न जायला ते तेथे शिकले.

दहा महिन्यांचा प्रवास

२४ डिसेंबर १८३६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, बिशप पोंपालिए ह्यांच्या नेतृत्वाखाली मिशनरींचे जहाज फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून निघाले. मारिस्ट संघाचे सात जण त्यात होते आणि फादर शानेल त्यांचे प्रमुख होते. त्यांचे जिवलग मित्र फादर क्लोद ब्रे वाटेत आजारी पडले आणि २० मार्च १८३७ रोजी भर समुद्रात वारले. ज्या मिशनसाठी निघाले होते ते त्यांच्या दृष्टीसही पडले नाही.

दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, चिलीच्या वालपरायसो बंदरात थांबून, मंडळी पॅसिफिकमध्ये शिरली. गँबिए बेटे, ताहिती, टोंगा असे करत नोव्हेंबर १८३७ मध्ये ती वॉलिस बेटावर पोहोचली. तेथे फादर बातायाँ ह्यांना एका ब्रदरसह ठेवण्यात आले. तेथून सुमारे २३० किलोमीटरवरील फुतुना बेटावर फादर शानेल आणि ब्रदर मारी-निझिए उतरले. फादर चौतीस वर्षांचे, ब्रदर अवघे वीस वर्षांचे. बिशपांचे जहाज पुढे न्यूझीलंडकडे गेले आणि मागे दोघेच उरले.

फुतुनावरील दिवस

फुतुना हे डोंगराळ, हिरवेगार बेट. सुआरण, टारो म्हणजे अळकुडीसारखा कंद, फणसाच्या जातीचे नीरफणस, केळी आणि मासे हे तेथील अन्न. बेटावर दोन राज्ये होती, आलो आणि सिगावे, आणि त्यांच्यात जुने वैर. आलोचा राजा निउलिकी ह्याने पाहुण्यांचे चांगले स्वागत केले आणि त्यांना आपल्या आश्रयाखाली ठेवले.

पहिले मोठे काम होते भाषा शिकण्याचे. ऐकायचे, लिहून काढायचे, चुकायचे, लोकांनी हसायचे आणि पुन्हा शिकायचे. फादर शानेल रोजनिशी लिहीत. तेथल्या लोकांप्रमाणेच ते कंद लावत, बाग राखत, आजाऱ्यांच्या घरी जात. १८३९ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही राज्यांत लढाई पेटली. तीत निउलिकीचा विजय झाला. त्या काळात फादरांनी जखमींची सेवा केली.

आणि फळ? स्नानसंस्कार मोजकेच झाले, आणि त्यांतील बरेचसे मरणाच्या दारातील बालकांचे व वृद्धांचे. मोठे चर्च उभे राहिले नाही, मोठी सभा भरली नाही. मिशनच्या अहवालात लिहायला साडेतीन वर्षांत फारसे काही नव्हते. पण लोकांमध्ये त्यांचे एक नाव पडले होते. ते त्यांना ‘चांगल्या मनाचा माणूस’ म्हणत. अहवालाच्या तक्त्यात ह्यासाठी रकाना नसतो.

राजाला कशाची भीती वाटली?

सुरुवातीला आश्रय देणारा राजा पुढे विरोधक का झाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. तो दुष्ट होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. फुतुनाच्या लोकांची श्रद्धा अशी होती की त्यांचे दैवत राजाच्या ठायी वास करते. म्हणजे धर्म आणि राज्य एकाच माणसावर उभे होते. लोक नव्या श्रद्धेकडे वळले तर आपले राजेपणच जाईल, असे निउलिकीला वाटू लागले. हळूहळू मिशनरींना मिळणारे अन्न बंद झाले. त्यांच्या बागेतील पीकही चोरीला जाऊ लागले.

अशा वेळी फादर शानेल ह्यांच्या पाठीशी सैन्य नव्हते. फ्रान्सचे संरक्षण त्या बेटाने स्वीकारले ते १८८८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. त्यांच्याजवळ होती ती शिकलेली भाषा, थोडी औषधे आणि मरियामातेवरील भक्ती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात सांगितले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये. फादर शानेल तसेच वागले होते.

१८४१ साली राजाचा स्वतःचा मुलगा मैताला ह्याने स्नानसंस्काराची इच्छा व्यक्त केली. राजाच्या रागाला पारावार उरला नाही. त्याने आपला जावई मुसुमुसु ह्याला काय करायचे ते करण्याची मोकळीक दिली.

२८ एप्रिल १८४१

मैताला आणि मुसुमुसु ह्यांच्यात झटापट झाली आणि तीत मुसुमुसु जखमी झाला. त्यानंतर तो पोई येथे फादरांच्या झोपडीपाशी आला आणि जखमेवर औषध मागू लागला. ब्रदर मारी-निझिए त्या दिवशी कामासाठी बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेले होते. फादर एकटेच होते. ते जखमेकडे पाहत असताना मुसुमुसुच्या साथीदारांनी घर लुटायला सुरुवात केली, फादरांवर वार झाले आणि शेवटी मुसुमुसुने कुऱ्हाड उचलून त्यांच्या डोक्यावर घाव घातला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे बलिदान झाले.

ज्याने मारले त्याच्याच जखमेवर ते उपचार करत होते, हे आपण विसरू नये. त्या दिवशी त्यांनी काही वेगळे केले नाही. क्रोझेत जे करत होते आणि फुतुनावर रोज जे करत होते, तेच ते करत होते.

नंतर काय झाले

ब्रदर मारी-निझिए कसेबसे वाचले आणि एका जहाजाने वॉलिसला पोहोचले. १८४२ च्या जानेवारीत फ्रेंच युद्धनौका फुतुनाला आली. बदला घेणे त्यांना सहज शक्य होते. पण बिशप पोंपालिए ह्यांची इच्छा सूड घेण्याची नव्हती. त्यांना केवळ फादरांचे अवशेष परत हवे होते. लोकांनी ते आणून दिले आणि ते न्यूझीलंडला नेण्यात आले.

त्याच वर्षी बिशप स्वतः फुतुनाला गेले. राजा निउलिकी तोवर आजाराने वारला होता. लोक वाट पाहत होते. अनेकांनी स्नानसंस्कार घेतला आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ सारे बेट ख्रिस्ती झाले. ब्रदर मारी-निझिए ह्यांनी पुढे बरीच वर्षे त्याच बेटावर सेवा केली.

आणि मुसुमुसु? त्यानेही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. मरतेवेळी त्याने सांगितले की मला पोईच्या चर्चबाहेर पुरा, म्हणजे फादर पीटर ह्यांचा मान राखायला येणारे लोक माझ्या कबरीवरून चालत जातील. ही आठवण आजही सांगितली जाते. पश्चात्ताप ह्या शब्दाचा अर्थ मुलांना शिकवायचा असेल तर ही एक गोष्ट पुरेशी आहे.

पोप लिओ तेरावे ह्यांनी १७ नोव्हेंबर १८८९ रोजी पीटर शानेल ह्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप पायस बारावे ह्यांनी १२ जून १९५४ रोजी संतपद दिले. १८५० साली फ्रान्सला नेलेले त्यांचे अवशेष १९७७ साली फुतुनाला परत आले. १९६६ पासून वॉलिस आणि फुतुना हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

आपल्यासाठी बोध

पहिला बोध नकाराविषयी. बिशपांनी नाही म्हटले तेव्हा फादर शानेल रुसून बसले नाहीत. मिळालेले काम त्यांनी मनापासून केले आणि तेच त्यांचे प्रशिक्षण ठरले. आपल्याला समितीत हवे ते पद मिळाले नाही म्हणून आपण काम सोडतो का?

दुसरा बोध भाषेविषयी. ते दुसऱ्याच्या बेटावर विद्यार्थी होऊन गेले. आपल्या शेजारचा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, काय मानतो आणि कशाला भितो, हे समजून घेण्याची तसदी आपण किती घेतो?

तिसरा बोध फळाविषयी. गव्हाच्या दाण्याचा प्रभू येशूचा दाखला (योहान १२:२४) आपण अंत्यविधीच्या वेळी ऐकतो आणि मरणाशी जोडतो. पण दाणा जमिनीत पडल्यावर बराच काळ वरून काहीच दिसत नाही, हेही त्या दाखल्यात आहे. आपले शेतकरी आजोबा हे जाणत होते. पेरलेले रोज उकरून पाहणारा शेतकरी पीक घेत नाही. फादर शानेल ह्यांनी उकरून पाहिले नाही. पीक दुसऱ्यांनी कापले, आणि त्यात काही बिघडले नाही.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात चारच मुले आली, तर त्या चौघांना नीट शिकवावे. आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद नेताना घरच्यांनी फारसे स्वागत केले नाही, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. मोजणी प्रभूवर सोपवावी.

समूहाच्या सभेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहात असे कोणते काम आहे, जे फळ दिसत नाही म्हणून आपण थांबवले आहे? ते पुन्हा कोण सुरू करील?

२. आपल्याला दुखावणाऱ्या व्यक्तीला मदतीची गरज पडली, तर आपण काय करू?

३. फादर त्राँपिए ह्यांनी एका गुराखी मुलाला हेरले. आपल्या धर्मग्रामातील कोणत्या मुलाकडे वा मुलीकडे आपण असे लक्ष द्यायला हवे?

सभेच्या शेवटी जपमाळेचा एक दशक भाग दूरच्या बेटांवर, डोंगरांत आणि वस्त्यांत एकट्याने सेवा करणाऱ्या धर्मगुरूंसाठी, धर्मभगिनींसाठी आणि ब्रदरांसाठी म्हणावा.

संत पीटर शानेल, आम्हांसाठी विनंती करा.