दूध, ज्येष्ठमध आणि मार्चअखेर

ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम खाली येऊ शकतं. वैद्यांना हे ठाऊक असतं, डॉक्टरांनाही असतं. मला ते मिरजेच्या एका रुग्णालयात, हाताला सलाईन लावलेलं असताना कळलं. तोवर ज्येष्ठमध म्हणजे घसा बसल्यावर चघळायची गोड काडी, एवढीच माझी ओळख. आज माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत मनःशांतीच्या नावाचं काही ना काही चूर्ण आहे, आणि त्याच घरातल्या डब्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्याही आहेत. या दोन डब्यांची एकमेकांशी गाठ घालून दिलेली नसते. माझं जे झालं ते त्यामुळेच झालं.

मी तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. मार्चअखेर आमच्याकडे दरवर्षीच अंगावर येतो, पण त्या वर्षी शेजारच्या गावातली एक पतसंस्था अडचणीत आल्याची बातमी पसरली आणि आमच्याही दारात सकाळी नऊपासून ठेवीदार उभे राहू लागले. एकीकडे थकबाकीदारांच्या घरी वसुलीला जायचं, दुसरीकडे आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्याला डोळा देऊन ‘काळजी करू नका’ म्हणायचं. रात्री दोन-अडीचला जाग यायची ती यायचीच. दात आवळून आवळून सकाळी जबडा दुखायचा.

अशात गावातल्या मंगल कार्यालयात ताणमुक्तीचं शिबिर भरलं. पहाटेचा प्राणायाम, अंगाला तेल कसं लावावं याचं प्रात्यक्षिक, आहारावर भाषण. ते सगळं चांगलंच होतं, आजही मी तसंच म्हणेन. शेवटच्या दिवशी चुर्णाचे डबे आले. रात्री दुधातून चमचाभर घ्यायचं, शंभर टक्के आयुर्वेदिक, कसलाही अपाय नाही. कुणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्या रांगेत कुणीही कुणाला विचारलं नाही.

चुर्णाने गुण आला, हेही सांगितलंच पाहिजे. झोप लागू लागली. महिनाभराने फोनवर विचारलं तेव्हा ‘मानवतंय ना, मग सकाळीही एक चमचा घ्या’ असं उत्तर मिळालं. पुढे कधीतरी जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. डोकं सतत जड. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो चांगलाच वाढलेला होता. ताणाचे दिवस, त्यांनी माझ्या चालू गोळीचा डोस वाढवला. त्या गोळीत लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध होतं. मीठ-पाण्याबरोबर ते पोटॅशियमही बाहेर नेतं. म्हणजे वरून गोळी आणि खालून चूर्ण, दोन्ही एकाच दिशेने ओढत होते. एका दुपारी शाखेतच छातीत धडधड सुरू झाली आणि पाय उचलेनात. मिरजेला नेलं.

तिथे एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, ‘ताई, गोळ्या सोडून आणखी काय काय पोटात जातं? चहा, काढा, चूर्ण, काहीही असू दे, सांगा.’ हा प्रश्न तोवर मला कुणीही विचारला नव्हता. रक्तातलं पोटॅशियम साडेतीनच्या खाली जाऊ नये, माझं अडीचच्या आसपास होतं. ते आणखी घसरलं तर हृदयाची लय बिघडू शकते. घरून चुर्णाचा डबा मागवला. घटकांत पहिलंच नाव यष्टिमधु, म्हणजे आपलं ज्येष्ठमध.

त्याचं काम कसं चालतं ते तिने कागदावर काढून दाखवलं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. मूत्रपिंडात या कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारं एक विकर असतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनपासून तयार होणारं द्रव्य त्या विकराला अडवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर मोकाट काम करतं, मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम निघून जातं. ग्लिसिरायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नियमित घेऊ नये, असं युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने सांगून ठेवलं आहे. रोज दोन चमचे चूर्ण घेतलं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. चूर्ण बंद केल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही, काही दिवस, कधी एक-दोन आठवडेही राहतो. म्हणून घरी सोडल्यावरही रक्त पुन्हा तपासून घ्यावं लागलं.

आयुर्वेद सोडून दे, असं मला घरात सगळ्यांनी सांगितलं. मी सोडला नाही. सांगलीतल्या एका ज्येष्ठ वैद्यबाईंकडे गेले, रुग्णालयाचे सगळे कागद घेऊन. त्यांनी ते आधी शांतपणे वाचले. मग नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि विचारायला सुरुवात केली. किती वाजता जेवता, शौचाला साफ होतं का, झोप कधी मोडते, मोडल्यावर मनात काय येतं, शाखेत पाणी किती पिता. तासभर त्या मला फक्त विचारत होत्या. चुर्णात ज्येष्ठमध कसं आलं असेल तेही त्यांनीच सांगितलं. चरकसंहितेत बुद्धी आणि स्मृतीसाठी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून यष्टिमधु, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ‘म्हणजे ग्रंथाला धरूनच होतं,’ त्या म्हणाल्या, ‘पण ग्रंथ रोगी पाहून द्यायला सांगतो, डबा पाहून नाही.’ नीट योजलं तर विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विषासारखं वागतं, हे त्याच चरकात आहे.

त्यांनी मला पहिले तीन महिने पोटात घ्यायचं एकही औषध दिलं नाही. त्यांच्या मते माझा आजार शाखेत होता. कारण दूर करणं हीच चिकित्सेची पहिली पायरी, त्याला शास्त्रात निदानपरिवर्जन म्हणतात. त्यावर मी म्हटलं, नोकरी कशी सोडू? त्यांनी नोकरी सोडायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, दिवसभरात लघवीला किती वेळा जाता? मला उत्तर देता येईना. आमच्या शाखेत बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नव्हतं. सकाळी घरून निघायचं आणि संध्याकाळी घरी येऊनच. त्यासाठी पाणीही प्यायचं नाही.

चरकाच्या सूत्रस्थानात या विषयाला एक अख्खा अध्याय दिलेला आहे. अडवू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत: लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, श्रमानंतरचा श्वास असे. त्या यादीत अश्रूही आहेत. वैद्यबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या समोर बसून बराच वेळ रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. त्याच अध्यायात आवरायचे वेगही आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर. आम्ही नोकरदार बायका नेमकं उलटं करतो. लघवी, तहान, झोप, रडू दाबून ठेवतो आणि भीतीला मात्र दिवसरात्र मोकळं सोडतो. ताणावरच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा मला या एका अध्यायाने जास्त दिलं. मी संचालक मंडळाकडे लेखी अर्ज केला, चार बायकांच्या सह्या घेतल्या, पाठपुरावा केला. आता शाखेत स्वच्छतागृह आहे. माझ्या उपचारातला सर्वांत परिणामकारक भाग कोणता असं विचाराल तर मी हेच सांगेन.

बाकीचं साधं आहे, पण नेमकं करावं लागतं. रात्रीचं जेवण आठच्या आत. वसुलीचे फोन जेवणानंतर घ्यायचे नाहीत. सकाळी आंघोळीआधी तिळाचं कोमट तेल. रोज सर्वांगाला लावणं जमलं नाही तरी डोकं, कान आणि पाय सोडू नयेत, असं वाग्भटाचंही म्हणणं आहे. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी, थेट गॅसवर नको. ताप असेल, अजीर्ण झालं असेल किंवा कफ दाटला असेल तर तेल लावू नये. पायाच्या शिरा सुजलेल्या असतील, कुठे रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तेल लावून ओल्या फरशीवर चालू नका. आमच्या आळीतल्या एका काकूंचं खुब्याचं हाड त्यातच मोडलं.

तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची पद्धत आपल्या घरांत जुनी आहे आणि झोपेसाठी मला ती फार मानवते. तळवा काळा झाला की ‘अंगातली उष्णता निघाली’ असं म्हणतात. तो काळेपणा घासल्या गेलेल्या धातूचा आणि तुपाचा असतो. तळवा किती काळा झाला यावरून काही ठरवू नका, पायाला बरं वाटतंय का तेवढं पाहा. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर दुसऱ्या कुणाच्या हाताने हलकेच घासून घ्यावं आणि नंतर तळवे उजेडात तपासावेत.

पोटात घ्यायच्या औषधांबद्दल मात्र मी आता कडक झाले आहे. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, ताणावर सगळ्यांत जास्त खपते. तिने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, त्यामुळे थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. गरोदरपणात नकोच. 2020 साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतले चौघे बरे झाले, पण त्यांना काही महिने लागले; पाचव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं. त्या वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, दुसरीच जात असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. मला वाटतं दोन्ही बाजू ऐकून आपण एवढंच धरावं की बाजारात पुडीत काय आहे हे बघणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही. अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली, यातलं काही दिसलं तर औषध थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

कागदाच्या पुडीतलं, नाव नसलेलं औषध घेऊ नका, मग देणारा कितीही प्रेमळ असो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आहेत. बोस्टनच्या संशोधकांनी 2004 साली तिथल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. डब्यावर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असली पाहिजे. वैद्य असेल तर त्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. चांगल्या वैद्याला त्याचा राग येत नाही.

माझ्या पर्समध्ये आता एक घडी केलेला कागद असतो. त्यावर गोळ्या, चूर्ण, काढा, बडीशेपेच्या डब्यातलं ज्येष्ठमधसुद्धा, जे जे गिळते ते सगळं मात्रेसह लिहिलेलं आहे. दवाखाना कुठल्याही पॅथीचा असो, आधी तो कागद टेबलावर जातो. नवं काही सुरू केलं की तारीख लिहिते, म्हणजे दुखणं कशानंतर सुरू झालं ते शोधता येतं. रक्तदाबाचं औषध चालू असेल आणि त्याबरोबर कुठलाही काढा महिनाभर चालणार असेल तर पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासून घ्या. आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली. ती अचानक थांबवली तर आजार उसळून येतो.

कारण तेल, दूध, वेळेवर जेवण यांनी न हलणारा ताणही असतो. आमच्या ठेवीदारांपैकी एक शिक्षक, निवृत्त, काही आठवडे झोपलेच नव्हते आणि घरी जगून काय करायचं असं बोलत होते. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी ब्राह्मीच्या गोळ्या आणल्या होत्या. मी त्याला 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लिहून दिला. तो 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याने माझ्यासमोरच फोन लावला, नंतर सरांना मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. सर आता गोळ्या घेतात, आणि रात्री मुलगा त्यांच्या तळपायाला तूपही लावतो. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी माहीत आहेत.