अवर्षणातील बांध

अहमदनगर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले. उत्तरास मुद्दामच थोडा विलंब केला; कारण दुःखाच्या पत्राला परतटपाली धाडलेले उत्तर बहुधा सांत्वनाच्या ठराविक शब्दांनीच भरलेले असते, आणि तसले शब्द तुला आजवर पुष्कळांनी पुरविले असतील. जावईबापूंचे क्षयाचे दुखणे, आरोग्यधामातील त्यांचा लांबलेला मुक्काम, अर्धपगारी रजा संपून आता बिनपगारी रजेवर येऊन ठेपलेला संसार, सासूबाईंची गेलेली दृष्टी, मुलांच्या शाळेची तुंबलेली फी, आणि या सर्वांवर कळस म्हणून, वर्षभर खपून लिहिलेल्या तुझ्या कथा अभिप्रायाची एक ओळही न लिहिता एका संपादकांनी परत पाठविल्या ही गोष्ट, हे सारे तू इतक्या संयमाने लिहिले आहेस की, वाचताना तुझ्या दिवंगत आईची आठवण होऊन मला पत्र काही वेळ बाजूस ठेवावे लागले. परंतु अखेरीस तू लिहितेस की, लेखणी कायमची ठेवून दिली, संसार आणि साहित्य ही दोन्ही माझ्यासारखीच्या कपाळी एकत्र लिहिलेली नाहीत. त्या निर्णयाविषयीच मला तुझ्याशी बोलावयाचे आहे.

संकटे माणसाला घडवितात, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि सभासंमेलनांतून ते ऐकताना बरेही वाटते. परंतु मला ते जसेच्या तसे मान्य नाही. माझी हयात मामलेदार कचेरीच्या दप्तरात गेली. आपल्या जिल्ह्यात पावसाने दगा देणे नवलाचे नाही. पिकांची आणेवारी खाली आली, की 1884 च्या शेतकरी कर्जाच्या कायद्यान्वये तगाई मागणाऱ्या अर्जांची रीघ लागे, आणि त्या अर्जांच्या चौकशीच्या निमित्ताने गावोगाव फिरून खातेदारांची घरे आतून पाहण्याचा मला प्रसंग येई. एकाच शिवारातील, सारख्याच नापिकीने गांजलेली ती माणसे असत. पण त्यांपैकी काहींचा त्या वर्षाने कणाच मोडलेला असे, आणि पुढे चांगला पाऊस झाला तरी ती उभी राहत नसत. काही जण तगत, पण शेजाऱ्याच्या घरी चूल पेटलेली पाहून त्यांच्या पोटात दुखे. आणि थोडे, अगदी थोडे, असे भेटत की ज्यांच्या ओसरीवर बसल्यावर आपण दुष्काळाची चौकशी करावयास आलो आहोत याचा क्षणभर विसर पडावा. आपत्ती जर सर्वांवर सारखीच कोसळली होती, तर त्या थोड्यांना घडविण्याचे श्रेय आपत्तीला कसे द्यावे? त्यांच्यापाशी जमीन अधिक होती असे नाही, की सावकाराचे देणे कमी होते असेही नाही. मी पाहिले ते एवढेच की, ज्या वर्षी पेरणीला हात लावणे शक्य नव्हते, त्या वर्षी ही माणसे कपाळाला हात लावून न बसता शेतातील फुटलेले बांध दगडमातीने भरून काढीत होती, आणि घरात खाण्याचे हाल असतानाही बियाण्याच्या कणगीला कोणास शिवू देत नव्हती. पाऊस आपल्या हाती नाही आणि बांध आहे, इतका विवेक त्यांनी भर उपासात शाबूत राखला होता.

तू हे वर्ष साहित्याच्या दृष्टीने बुडीत खाती टाकून मोकळी झालीस. तसे करू नये असे मला वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठी, जिने याच नगरात आणि येथून जवळच राहुरीस संसार केला, अशा एका बाईची मी तुला आठवण देतो.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तू शाळेत असताना माझ्याच कपाटातून नेऊन वाचलीस आणि आमच्या माजघरात मोठ्याने हसलीस, हे मला स्मरते. आता ती पुन्हा वाच. ते हसू कोठल्या जमिनीतून उगवले आहे, हे तुला आता दिसेल. 1868 साली जन्मलेली ही मुलगी ज्या घरात वाढली, तेथे सत्तावनच्या धामधुमीनंतर एका वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाल्याचा धक्का वडिलांच्या मनाने असा घेतला होता की, त्यांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर जेरीस आले होते. बाळपणीच तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, वक्ते, संस्कृतज्ञ आणि अंतःकरणाने अतिशय उदार. परंतु घरातील शेवटचा पैसा दुसऱ्याच्या हाती ठेवणारे, आणि मनात आले की न सांगता घर सोडून निघून जाणारे. नोकरी टिकेना, बिऱ्हाड स्थिर राहीना, अपत्यवियोगाचे दुःखही वाट्याला आले. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा पदरी लहानगा मुलगा दत्तू होता, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत नातलगांच्या आश्रयाने, त्यातला बराच काळ पंढरपुरास, तिने वर्षांमागून वर्षे काढली. पुढे ती आपण होऊन टिळकांकडे गेली, तीही प्रथम आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक निराळा ठेवून. आणि जातिभेदाचा प्रश्न कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाशी झगडून सुटल्यावर 1900 मध्ये तिने स्वतः दीक्षा घेतली. दुष्काळाच्या दिवसांत टिळक अनाथ मुले घरी आणून ठेवीत, आणि त्या मुलांचे न्हाणेमाखणे, खाणेपिणे, दुखणीबाणी तिच्याकडे येत.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने अशा संसारातून काय जमविले असेल, असे कोणासही वाटावे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये निघाला. 1895 चा तो घाव आणि हे पुस्तक यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात घे. ती चाळीस वर्षे बुडीत होती काय? त्या काळात ती पाहत होती. घरी येणाऱ्याची लकब, भांडणातला नेमका शब्द, स्वतःची भीती, स्वतःचा हट्ट, सारे तिने इतके लक्षपूर्वक पाहिले की उतारवयात ते सांगावयास बसल्यावर एकही गोष्ट फिकी पडली नाही. आणि मला सर्वांत मोठे वाटते ते हे की, ज्या नवऱ्याच्या पायी तिने एवढे सोसले त्याला तिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, आणि त्याचे दोष झाकून त्याला संतही बनविलेले नाही. काहीही न लपविता आणि कसलाही सूड न उगवता लिहिणे, हे त्याच मनाला साधते जे सोसून टणक झाले पण निबर झाले नाही. टिळक 1919 मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेच लिहून झाले होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे पुरी करण्याची सवय जिला जन्मभर जडली होती, तिने हेही काम त्याच वळणाने अंगावर घेतले.

म्हणून तुला पहिले सांगणे असे की, आजच्या दुःखाची कथा आजच लिहिली पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नकोस. साने गुरुजींची आई 1917 मध्ये गेली, आणि 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. लिहावयास काही थोडे दिवस लागले हे खरे, पण त्यापूर्वी ती माउली सोळा वर्षे त्यांच्या मनात मुरत होती. परत आलेल्या तुझ्या कथा मी वाचल्या आहेत. संपादकांनी दोन शब्द लिहावयास हवे होते, ही तुझी तक्रार रास्त आहे. परंतु त्या कथांपैकी ज्यांत रुग्णालय आहे, औषधाची बिले आहेत आणि खिडकीशी बसून रडणारी नायिका आहे, त्या कथा नसून फिर्यादी आहेत. त्यांत तू कोणाकडे तरी दाद मागते आहेस, आणि दाद मागणाऱ्याला समोरचे माणूस नीट दिसत नाही. याउलट, वाड्यातील नळावर पाण्यासाठी नंबर लावणाऱ्या म्हाताऱ्या विधवेची जी गोष्ट तू जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहेस, तीत तुझे दुःख नावालाही नाही, आणि तरी ज्याने दुःख पाहिले आहे त्याच्यावाचून ती दुसऱ्या कोणाला लिहिता आली नसती. ती गोष्ट मी ठेवून घेतली आहे. बाकीच्या परत पाठवीत आहे, त्या फाडू नकोस, ट्रंकेत तळाशी असू देत.

दुसरी गोष्ट सांगताना मला थोडे कठोर व्हावे लागत आहे. साहित्यिकांच्या चिकाटीच्या ज्या कथा आपण आदराने सांगतो, त्यांतील पुष्कळ चिकाटीची किंमत घरातील दुसऱ्याच कोणीतरी चुकविलेली असते, आणि त्या माणसाचे नाव मुखपृष्ठावर नसते. टिळकांच्या औदार्याची किंमत लक्ष्मीबाईंनी दिली, ती त्या पुढे लिहू लागल्या म्हणून आपणास कळली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड तडीस नेले. कॉर्नेलसारख्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा विद्वान त्या कामासाठी मंडळी स्थापून भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा करीत गावोगाव हिंडला, आणि एवढे करूनही घरात स्वास्थ्य म्हणून आले नाही. दूर युरोपात जन्मलेल्या, लग्नानंतर शीलवती झालेल्या त्यांच्या पत्नीने परक्या देशात, परक्या चालीरीतींत तो ओढगस्तीचा संसार केला, आणि त्यातच विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले. केतकरांविषयी माझा आदर अपरंपार आहे. पण त्या बाईंविषयी तो कणभरही कमी नाही. हे तुला अशासाठी लिहितो की, तू लिहू लागलीस तर तुझ्या लिहिण्याची किंमत मुलांनी उपाशी झोपून किंवा सासूबाईंनी अंधारात एकट्या बसून देता कामा नये. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे, त्या सर्वांच्या सुखासाठी मी लेखणीचा होम केला असे समजून तू आतल्या आत त्यांच्या नावे कर्ज मांडत बसता कामा नये. असली कर्जे कधीच फिटत नाहीत. ज्यांनी ती घेतलेलीच नसतात, त्यांच्याकडून आपण व्याजाची वसुली करू लागतो, आणि घर कडू होते. कष्टाने खंगलेल्या घरांपेक्षा अशा रीतीने कडू झालेली घरे मी अधिक पाहिली आहेत.

तेव्हा करावे काय? जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लेखणी ठेवून देण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ती त्यांच्या हाती कधी नव्हतीच. असोद्यात जन्मलेली ही शेतकरीण निरक्षर होती, ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी मुले होती. दळता कांडता आणि शेतात राबता राबता त्या ओव्या रचीत आणि मुलगा सोपानदेव त्या उतरून ठेवी. 1951 मध्ये त्या वारल्या आणि पुढल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून निघाली, तेव्हा केवढे धन इतकी वर्षे एका घरात दडून होते हे महाराष्ट्राला समजले. तुझ्या सासूबाई खानदेशातल्या. तुझ्या लग्नात जात्याला हळद-सुपारी वाहताना त्या एकामागून एक ओव्या म्हणत होत्या, आणि त्यांपैकी कित्येक मी कोठल्याही पुस्तकात वाचलेल्या नव्हत्या. आज दृष्टी गेल्यामुळे आपण घरात निव्वळ भार झालो, ही त्यांची समजूत तुझ्याच पत्रातून मला जाणवली. दुपारी मुले शाळेत असताना, निवडणेटिपणे चाललेले असताना, त्यांना ओव्या म्हणावयास सांग, आणि मुलांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्या उतरून घे. शब्द त्यांच्या बोलीतलेच ठेव. शुद्ध करावयास जाऊ नकोस. एका दिवशी दोनच मिळाल्या तरी चालतील, एखाद्या दिवशी नाही मिळाल्या तरी बिघडणार नाही. त्यांना आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटेल, आणि तुझा हात लिहिता राहील. तुझ्या आजच्या परिस्थितीत याहून मोठी तजवीज मला सुचत नाही, आणि आवश्यकही वाटत नाही.

जावईबापूंपासून घरची तंगी लपवून ठेवतेस असे लिहिलेस. त्यांच्या प्रकृतीस धक्का बसेल म्हणून लपवितेस हे मी समजतो; पण आजारी माणूस खाटेवर पडल्या पडल्या हिशेबच करीत असतो, आणि त्याला न सांगितलेला आकडा तो मनात दुप्पट धरतो. पुढल्या भेटीत त्यांना जमाखर्च दाखव. थोरल्या मुलालाही त्याच्या समजुतीइतके सांग. घरात काय चालले आहे ते ठाऊक असलेली मुले लवकर शहाणी होतात आणि कमी भितात.

या महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर येईल. तुझ्या मामीचा आणि माझा विचार पेन्शनीचे कागद पुढे ठेवून झालेला आहे, तेव्हा त्यावर पत्रापत्री करू नकोस. मुलांची फी त्यातून प्रथम भर. नळावरच्या म्हातारीची गोष्ट मी येथल्या एका जाणत्या स्नेह्यास वाचावयास देत आहे. त्यांचा अभिप्राय बरावाईट जसा असेल तसा तुला कळवीन. सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि पहिल्या वीस-पंचवीस ओव्या झाल्या की वही रजिस्टर टपालाने इकडे धाड. मी स्वच्छ प्रत करून मूळ वही तुझ्याकडे परत पाठवीन. मुलांस गोड पापा.

तुझा,
मामा